आडवी फांदी

धनवडेबाईंचा मी हेवा केला, हे आधीच सांगून टाकते. पुढं वाचताना कुणाच्या तरी लक्षात येणारच आहे, मग आपणच सांगितलेलं बरं. त्या आमच्या शाळेत शिवण शिकवायच्या आणि मी भूगोल. भूगोलाच्या बाईनं शिवणाच्या बाईचा हेवा करावा असं त्यात काय होतं, असं कुणालाही वाटेल. पहिले सहा महिने मलाही तसंच वाटत होतं.

कोल्हापुरातली मुलींची शाळा, नव्वद-एक्याण्णवचा सुमार. कुसुम धनवडे आमच्याकडे बदलून आल्या त्या पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. सुती साडी, घट्ट अंबाडा आणि खाली बूट. मुख्याध्यापिकाबाईंनी आडून विचारलं, पायाला काही लागलंय का? त्या म्हणाल्या, "न्हाय वो बाई. चपलंत पाय हालतोय. बूट घातला की पायाला कळतंय आपून कुटं निघालोय."

उंचीला बेताच्या, अंगानं काटक. डाव्या खांद्यावर, पदराच्या पिनेशेजारी, दोरा गुंडाळलेली एक सुई कायम टोचलेली. त्या सुईनं त्या मुलींची तुटलेली बटणं लावायच्या, पायातले काटे काढायच्या, चालून आलेले फोड फोडायच्या. मधल्या सुट्टीत आम्हा सगळ्याजणींचे निघालेले हुक आणि उसवलेल्या शिलाया त्यांच्यापुढं येऊन पडायच्या, आणि त्या शेंगा खात खात ते सगळं नीट करून द्यायच्या. घर कसबा बावड्यात, शाळा गावात, पण बाई रोज चालत यायच्या आणि चालत जायच्या. कुणी रिक्षात बसा म्हटलं तर ठरलेलं उत्तर, "घाई हाय त्यानं जावं. मला कुटं घाई हाय?" आणि तरी घंटेच्या आधी दहा मिनिटं हजर असायच्या. उशिरा पोचायचो त्या आम्ही रिक्षातून येणाऱ्या.

आमच्या शाळेची दर जानेवारीत पदभ्रमण सहल निघायची. गगनबावड्याच्या अलीकडे यष्टीतून उतरायचं, चढून सड्यावर जायचं, त्या काळ्या-तांबड्या कातळाच्या पठारावरून चार तास चालायचं आणि पलीकडच्या गावात उतरायचं. ही सहल माझी होती. मी सुरू केलेली, मी आखलेली. माझ्याजवळ मोजणीखात्याचा नकाशा होता, गुंडाळी करून नळकांड्यात घातलेला. भावानं पुण्याहून आणून दिलेलं होकायंत्र होतं. समोच्च रेषा बघून कुठं चढ आणि कुठं उतार हे मी स्टाफरूममध्ये बसून सांगू शकत होते. माझं माहेर सांगलीचं, सगळा मुलूख सपाट. डोंगर मी शिकून मिळवलेले होते, म्हणून ते मला जास्तच माझे वाटत असावेत.

धनवडेबाई पहिल्यांदा सहलीला आल्या त्या मागची पोरं सांभाळायला. सड्यावर पोचलो आणि धुकं उतरलं. धुकं असं की पुढच्या मुलीची वेणी दिसेना. मी नकाशा उघडला, होकायंत्र ठेवलं, पश्चिमेला बोट केलं आणि आम्ही चाळीसजणी तासभर चालून पुन्हा त्याच खडकापाशी आलो. खडकावर मघाशी कुणीतरी खाल्लेल्या पेरूची सालं पडली होती, म्हणून तर कळलं. दोन मुली रडायला लागल्या. मी पुन्हा नकाशा उघडला. माझे हात थरथरत होते आणि कागद वाऱ्यानं फडफडत होता, ते बरं झालं. सगळा दोष वाऱ्यावर गेला.

तेव्हा मागून धनवडेबाई आल्या, खडकावर फतकल मारून बसल्या आणि पिशवीतून भडंग काढून मुलींना वाटायला लागल्या.

"बाई, आपण हरवलोय," मी हळूच म्हटलं.

"आपून हरावलोय की. गाव कुटं हरावलंय?" त्या म्हणाल्या. "गुरं परतायची येळ झाली. त्येंस्नी घर ठाव असतंय. बसा वाईच."

अर्ध्या तासानं धुक्यातून गुरांच्या गळ्यातल्या घाटी वाजल्या. नऊ-दहा गाई एका ओळीनं आल्या, आमच्याकडे न बघता गेल्या, आणि आम्ही त्यांच्या मागून. गावात उतरलो तेव्हा गाववाले हसत होते. घरी गेल्यावर प्रत्येक मुलीनं ही गोष्ट आईबापाला सांगितली आणि सोमवारी सगळ्या स्टाफसमोर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "इंगवलेबाई, पुढच्या वर्षी नकाशा राहू दे. एक गाय घेऊन जा."

सगळ्या हसल्या. मीही हसले. धनवडेबाई तेवढ्या हसल्या नाहीत, कुणाचं तरी बटण लावत होत्या. त्या हसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी सहलीच्या पुढं त्या आणि शेपटाला मी. स्टाफरूममध्ये एकीनं माझ्या कानाशी येऊन म्हटलंही, शिवणाच्या बाईला पुढारपण, आणि तेही त्यांच्यातल्या? मी तसं बोलले नाही. पण बोलणारीला गप्पही केलं नाही. ते वाक्य कानाला गोड लागलं होतं, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

शेपटाला चालताना मात्र मी बघत होते. बाई मुलींना डोंगर दाखवायच्या नाहीत, पायाखालचं दाखवायच्या. "पाय बगा, डोंगर कुटं पळतोय?" हे त्यांचं ठरलेलं. मग चढ संपला की एकदम थांबायच्या आणि म्हणायच्या, "आता बगा." समोर कडा तुटलेला असायचा, खाली कोकण, भाताची खाचरं, नदीची रेघ, आणि पार टोकाला समुद्र असावा अशी एक पांढुरकी पट्टी. मुली गप्प व्हायच्या. मी वर्गात वीस वर्षं सह्याद्रीचा कडा शिकवला, पण अशा गप्प झालेल्या मुली मला वर्गात मिळाल्या नाहीत.

त्याच सहलीत मी पहिल्यांदा फांदी बघितली. एका ठिकाणी वाट फुटत होती. बाईंनी शेजारच्या झुडपाची फांदी हातानं मोडली आणि डावीकडच्या वाटेवर आडवी टाकली.

"हे कशाला बाई?" माझी मेधा पुढं होती, तिनं विचारलं. मेधा माझी मुलगी, तेव्हा सातवीत.

"मागनं येणाऱ्यास्नी. ही वाट न्हाय, म्हणून सांगायला. पुढच्यानं फांदी टाकायची आनि मागच्यानं ती वलांडायची न्हाय."

"आपल्याला माहीत असली वाट तरी?"

"तरी. काल वाट हुती म्हणून आज असंल असं कुटं हाय? दरड पडली असंल, गवा बसला असंल, मोहोळ उठलं असंल. पुढच्यानं बगितलंय, तुमी न्हाय. फांदीला इचारायचं न्हाय, का म्हणून."

हे त्यांना त्यांच्या आज्ज्यानं शिकवलेलं. त्यांचं गाव शाहूवाडी तालुक्यातलं, डोंगरात. आजा गावचा तराळ. सरकारी सांगावा, कुणाच्या मयताची खबर, पाटलाची चिठ्ठी, काहीही असलं की ते घेऊन या गावातून त्या गावात पळायचं, पावसापाण्यात, डोंगर ओलांडून. गावकीचं काम, नाही म्हणायची सोय नाही. एका मुलीनं भाबडेपणानं विचारलं, म्हणजे बाई, तुमचे आजोबा ट्रेकिंग करायचे? बाई म्हणाल्या, "व्हय की. रोज. फुकाट."

मुली हसल्या. मला हसू आलं नाही. पण मला वाईट वाटलं असंही नाही. मला वाटलं, बघा, हिच्याकडे आज्ज्याचीही गोष्ट आहे. माझ्याकडे नकाशाचं नळकांडं.

इथवरचा हेवा सोसण्यासारखा होता. मग मेधा गेली त्यांच्याकडे. गेली म्हणजे घरातच होती, पण रविवारी सकाळी डबा घेऊन बावड्याला जायची आणि बाईंबरोबर ज्योतिबाच्या डोंगरावर नाहीतर पन्हाळ्याच्या बाजूला भटकून संध्याकाळी यायची. भादव्यात त्या दोघी सड्यावर जाऊन आल्या. सगळा कातळ बोटाच्या पेराएवढ्या निळ्या-पिवळ्या फुलांनी भरला होता, म्हणाली, आणि बाईंनी बूट काढायला लावले, फुलं तुडवायची नाहीत म्हणून. मला तिनं चल म्हटलं नाही. आता "मी जाते, मी येते" असं मी तिला लहानपणापासून शिकवलेलं, तर घरात "मी येतो की गं आई" सुरू झालं. कोल्हापुरात सगळ्याच बायका तसं बोलतात, माझ्या सासूबाईही बोलायच्या, त्यांचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण मेधाच्या तोंडून ते आलं की मला ते कुणाचं आहे ते कळायचं.

एकदा तिसऱ्या की चौथ्या सहलीला एक निसरडी उतरण आली. मेधा मधेच अडकली, ना वर ना खाली. मी खालून हात वर केला, "धर." वरून धनवडेबाईंनीही हात खाली सोडला. मेधानं एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि वरचा हात धरला. बाईंनी तिला वर ओढून घेतलं आणि दुसऱ्या बाजूनं उतरवलं. माझा हात तसाच वर राहिला. मी त्या हातानं कपाळावरचे केस मागं केले, जणू त्यासाठीच वर केला होता. त्या आठवड्यात मेधाच्या गणवेशाच्या डाव्या खांद्यावर मला दोरा गुंडाळलेली सुई टोचलेली दिसली. मी ती काढून डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खांद्यावर होती.

आता ती गोष्ट सांगते.

पंच्याण्णवचं साल असेल. जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी दरवर्षी एक डोंगरवाटांचं शिबिर भरवायचं घाटत होतं आणि त्याला एक प्रमुख हवी होती. ते ठरवणारे शिक्षणखात्यातले साहेब आमची सहल उतरायची त्या गावी, तिथल्या शाळेत, स्वतः येणार होते. मुली कशा येतात, बाई त्यांना कशा आणतात, ते बघायला. त्या वर्षी मुली जास्त, म्हणून दोन तुकड्या केल्या. पहिली माझी, तासाभरानं दुसरी धनवडेबाईंची. मेधा दहावीत, तिला मी विचारलं नाही, ती दुसऱ्या तुकडीत जाऊन उभी राहिली.

प्रमुखपण कुणाला मिळणार हे सगळ्यांना दिसत होतं. साहेबांनी बाईंना एकदा चालताना बघितलं असतं की विषय संपला. चढ चढताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मला ते पाहिजे होतं. माझा नकाशा, माझी सहल, माझी मुलगी, सगळं त्यांनी काहीही न करता घेतलं होतं, नुसत्या चालत राहून. हे एवढं तरी माझं राहू दे, असं वाटत होतं.

उतरणीच्या आधी वाट फुटते. उजवी तासाभरात गावात उतरते. डावी एका धनगरवाड्यावरून मोठा वळसा घालून त्याच गावात येते, तिला तीन तास लागतात. मी माझ्या मुलींना उजवीकडे पुढं पाठवलं. म्हटलं, व्हा पुढं, मी मागच्यांसाठी निशाणी टाकून येते. डब्यात पेरू कापायचा चाकू होता. त्यानं मी जांभळीची एक फांदी कापली.

आणि उजव्या वाटेवर आडवी टाकली.

खाली उतरताना मी स्वतःला सांगत होते, बाईंना वाट पाठ आहे, त्या कशाला फसतील, फांदी बाजूला करतील आणि येतील. पण त्या तसं करणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच तर मला शिकवलं होतं.

साहेब साडेचारपर्यंत थांबले. माझ्या मुलींनी गाणं म्हटलं, मी नकाशा पसरून समोच्च रेषा समजावल्या, साहेब मान हलवत राहिले. घड्याळ बघून म्हणाले, दुसऱ्या तुकडीला फारच उशीर झाला, मुलींच्या बाबतीत असा उशीर बरा नव्हे. आणि गाडीत बसले.

दुसरी तुकडी सूर्य टेकताना आली. गात आली. मुलींच्या केसांत गवत, ओठांवर दुधाच्या मिशा. धनगरवाड्यावर त्यांना धारोष्ण दूध मिळालं होतं, एक करडू मांडीवर घ्यायला मिळालं होतं, आणि वाड्यामागच्या टेकाडावरून त्यांनी सबंध दरी सोनेरी होताना बघितली होती. पुढं कित्येक वर्षं माजी विद्यार्थिनी भेटल्या की त्याच सहलीची आठवण काढायच्या. माझी तुकडी कुणाला आठवत नाही. पायांचे तुकडे पडेपर्यंत मी बाईंच्या मुलींना चालवलं ते असं.

बाई सरळ माझ्याकडे आल्या. सगळा गाव, सगळ्या मुली, मेधा, सगळ्यांसमोर विचारलं, "काय हुतं वो वाटंला?"

"आग्यामोहोळ," मी म्हटलं. जीभ आपोआप चालली. "उठलं होतं. आम्ही कसेबसे आलो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पापणी न हलवता. मग म्हणाल्या, "बरं केलासा बाई. पोरी वाचल्या." आणि मुलींकडे वळून, "इंगवलेबाईंनी फांदी टाकली म्हणून आज वाचलासा. पाया पडा त्येंच्या."

तीस मुली माझ्या पाया पडल्या. मेधासुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत मला तो भाव दिसला, जो धनवडेबाईंकडे बघताना असायचा.

शिबिराची प्रमुख मी झाले. आठ वर्षं होते. पुढं जिल्ह्यातल्या डोंगरवाटांची एक पुस्तिका निघाली. तीही माझ्या नावानं. वाटा मला कुठं येत होत्या? मी वही घेऊन धनवडेबाईंपुढं बसले आणि त्यांनी डोळे मिटून एकेक वाट सांगितली, कुठं पाणी, कुठं सावली, कुठं कातळावर शेवाळ. मी लिहून घेतलं. मुखपृष्ठावर माझं नाव, आत शेवटच्या पानावर "सहकार्य" म्हणून नऊ नावं, त्यात मधे कुठंतरी कु. वि. धनवडे. पुस्तिका त्यांच्या हातात ठेवताना मला वाटलं, आता तरी ही बाई चिडेल. चिडावं, भांडावं, म्हणजे आम्ही दोघी एका पातळीवर येऊ. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, चौदाव्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्यो वडा डाव्या हाताला लिवलासा. उजव्या हाताला हाय. माणूस चुकंल की."

दोन-तीन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि गावी गेल्या. मेधा तोवर शिकायला पुण्याला आणि मग तिथंच नोकरीला. फोनवर दर वेळी, "धनवडेबाई कशा आहेत गं?" मी म्हणायचे, बऱ्या असतील. मीही निवृत्त झाले त्या दिवाळीला मेधा आली. मला एक शाल आणली आणि म्हणाली, हे बाईंना देऊन ये ना, मला सुट्टी नाही. खोक्यात पांढरे बूट होते. मला शाल, त्यांना बूट. म्हातारी मी झाले होते, चालायचं त्यांनी होतं.

तर मी गेले. मलकापूरच्या पुढं यष्टी सोडली आणि खिंडीतून वर चढले, अर्ध्या तासाची वाट. बाईंचं घर भाताच्या खाचरांच्या वर, कौलारू, भिंतीवर बुद्धाची तसबीर, ओसरीत शिवणाचं मशीन. गुडघे गेले होते त्यांचे. काठी घेऊन दारापर्यंत आल्या. भाची हाताशी होती. बूट बघून मशीनच्या खुर्चीवरच बसल्या आणि लगेच पायात घालून बघितले. लेस बांधायला वाकता येईना, ती मी बांधली.

तिसऱ्या प्रहरी आम्ही ओसरीत पावटे सोलत बसलो. समोर डोंगर उन्हात तापत होता. मी ठरवून गेले नव्हते, पण बोलले.

"धनवडेबाई, त्या दिवशी मोहोळ उठलं नव्हतं."

त्यांनी शेंग मोडली, दाणे सुपात टाकले. "व्हय. ठावं हाय."

"कधीपासून?"

"फांदी बगितली तवापास्नं. चाकूनं कापल्याली, तिरकी, झ्याक. मोहोळ उठल्यावर माणूस पेरूचा चाकू हुडकत बसत न्हाय, बाई. पळत सुटतंय."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग ओलांडली का नाही?"

"फांदी हुती की."

"पण तुम्हाला माहीत होतं."

"मला म्हायती हुतं. तीस पोरी मागं हुब्या हुत्या, त्येंस्नी कुटं म्हायती हुतं? म्या वलांडली असती तर त्या काय शिकल्या असत्या? पटली तर मानायची, न्हायतर वलांडायची, व्हय? मग उद्या खरी दरड पडली म्हंजी?"

मी विचारलं, "रागावला नाहीत माझ्यावर?"

"रागावलो की. तुमचं ते हिरवं ब्लाऊज म्हैनाभर दिलं न्हाय."

मला आठवलं. खरंच, त्या ब्लाउजाचे हुक लावून मिळायला महिना लागला होता. मला हसू आलं, त्यांनाही आलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरतंय असं वाटलं. संपलं, असं वाटलं. मग त्या सुपाकडे बघत म्हणाल्या, "पर ते शिबिर मला पायजे हुतं, इंगवलेबाई."

मी सुपातले दाणे उगीच पुन्हा निवडायला घेतले.

"माझा आज्जा त्या वाटांवर पळून मेला. त्येचं नाव कुनी लिवलं न्हाय. म्हटलं, आपलं तरी येईल कागदावर." त्यांनी सूप उचललं, काठी घेतली. "चला. भात टाकायचा हाय."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. जेवताना मेधाबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. हात धुताना त्यांनी सांगितलं, "सकाळी खिंडीतनंच जावा, आलासा तशा. साडेआठची यष्टी मिळंल. वड्याकडनं लांब पडतंय."

सकाळी उठले तर बाईंचं अंथरूण घडी केलेलं. भाची म्हणाली, आत्या फटफटायच्या आधीच काठी घेऊन बाहेर गेली, रोज नाही जात, आज काय सुचलं कुणास ठाऊक. मी चहा घेतला, वाट बघितली, शेवटी पिशवी घेऊन निघाले. यष्टी चुकवून चालणार नव्हतं.

खाचरं संपतात तिथं वाट फुटते. उजवी खिंडीतून सरळ खाली, कालच मी तिनं आले होते, चांगली रुळलेली. डावी ओढ्याकडून वळसा घालून. उजव्या वाटेवर एक फांदी आडवी पडली होती. ताजी. हातानं मोडलेली, साल लोंबत होती.

मी वर बघितलं. बांधाबांधानं घराकडे जाणारी एक आकृती, साडीचा ओचा वर खोचलेला, एका हातात काठी. दोन पावलं टाकून थांबत होत्या, पुन्हा दोन पावलं. नवे बूट दवानं आणि चिखलानं भरले होते, तरी मधूनमधून पांढरे दिसत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. विचारता आलं असतं, काय आहे खिंडीत, काल तर काही नव्हतं. रात्रीत दरड आली? का गवा बसलाय? का नुसतंच, त्या दिवसाचं?

त्या एकदाही वळल्या नाहीत. मी फांदी ओलांडीन की नाही हे बघायला सुद्धा नाही. गुडघे गेलेली, काठी टेकत चाललेली बाई, आणि मला पुन्हा तिचा हेवा वाटला, पहिल्या सहलीत वाटला होता तेवढाच.

त्या बांधापलीकडे दिसेनाशा झाल्या. मग मी डावीकडे वळले. ओढ्याकडून लांब पडलं, साडेआठची यष्टी गेली, पुढची दुपारी होती. खिंडीत काय होतं ते मी बघितलं नाही.